शिशुवर्गाचे तीन तास: गोष्टीपर्यंत पोचेस्तोवर निम्मी मुलं आडवी, काय करू?

मोरपीस

नमस्कार मंडळी. यंदा पहिल्यांदाच माझ्याकडे शिशुवर्ग आलाय. मुलं २२, वयं चार ते साडेपाच, मदतीला एक मावशी, वेळ नऊ ते बारा. आधी बरीच वर्षं चौथी-पाचवी शिकवली, तेव्हा वर्ग हाताळणं आपल्याला जमतं असा समज होता. हसू नका.

आत्ताचा दिवस असा जातो. नऊला सगळे गोलात. हजेरी, वार, तारीख, आज ऊन की ढग, बडबडगीत, आजचं अक्षर, आजचा अंक, गोष्ट. यात पाऊण तास. मग टेबलावर वर्कशीट. मग डबा. मग चित्र किंवा चिकटकाम. वेळ उरला तर खेळ, आणि घरी.

वहीत हे झोकात दिसतं. प्रत्यक्षात अंकापर्यंत येईतो एक जण शेजारणीच्या वेणीशी खेळत असतो, दोघं पालथे पडलेले, एकीला पुन्हा शू लागलेली. गोष्ट मी कोणाला सांगते देव जाणे. डब्यानंतर तर वर्ग माझा राहतच नाही. चिकटकामाला सगळ्यांना एकदम डिंक दिला की सात जणांचं पाच मिनिटांत उरकतं, पाच जणांनी अजून कागद उचललेला नसतो आणि बाकीचे 'बाई, बाई' करत असतात. त्या उरकलेल्या सात जणांचं करायचं काय?

रोज रात्री बसून उद्यासाठी काहीतरी नवीन शोधते, ते दुसऱ्या दिवशी बघता बघता संपतं. तुमच्यापैकी जे रोज हे करतात त्यांनी नेमकं सांगा. 'खेळातून शिक्षण' हे वाचून झालंय, पटलंयही. सोमवारी सकाळी वर्गात पाऊल टाकल्यावर काय करू, ते हवंय.

जागरणवाला_बाबा

मी शिक्षक नाही, सिनिअर केजीतल्या मुलीचा बाप आहे, त्यामुळे सल्ला नाही, उलट एक तक्रार. रोज विचारतो 'आज काय केलंत?' रोज उत्तर 'काही नाही'. दप्तरात वही कोरी. वर्गात काहीतरी चालतं याचा पुरावा म्हणून आम्हाला ते वर्कशीटच दिसतं हो. तुम्ही ते बंद केलंत तर पालकसभेत पहिला प्रश्न त्यावरच येणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.

सतरंजी

मोरपीस, तुमचं वेळापत्रक वाईट नाही, फक्त ते चौथीचं आहे. विषय बदलला की तास बदलला. शिशुवर्गात तास पाडायचे ते अंग आणि हात काय करतायत त्यावरून. बसून ऐकलं की पुढचं काम हलण्याचं. सगळ्यांनी मिळून केलं की पुढचं एकेकट्याने किंवा दोघातिघांनी. तुमच्याकडे गोल आणि वर्कशीट लागून आहेत, म्हणजे जवळपास सव्वा तास बूड जागेवर. साडेचार वर्षांचं मूल सगळ्यांबरोबर गोलात दहा-पंधरा मिनिटं टिकतं, तेही मध्ये उभं राहून टाळ्या वाजवायला मिळाल्या तर. त्यापुढे ते आडवं होतं ते तुमच्यावर राग म्हणून नाही.

आणि रात्री नवीन शोधणं आजपासून बंद. खरंच बंद. नवी वस्तू समोर आली की पहिल्या दिवशी मूल ती काय आहे ते बघतं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला अपेक्षित असतं ते करून बघतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते तुमच्या डोक्यातही नसलेलं काहीतरी सुरू करतं, आणि शिकणं तिथे असतं. तुम्ही रोज वस्तू बदलली तर बावीसच्या बावीस मुलं कायम पहिल्याच दिवसावर. आठवडाभर मांडणी तीच ठेवा, एखादी गोष्ट बदला. वाळूच्या टबात सोमवारी पेले असतील तर बुधवारी त्यात गाळणी टाका. बस.

आता सोमवार.

नऊला गोल नको. मुलं एकदम येत नाहीत, एकेक येतात, आणि जी लवकर येतात ती गोलात उशिरा येणाऱ्यांची वाट बघत बसतात, तिथूनच बिनसायला लागतं. दारातून आत आलं की प्रत्येकाला एक ठरलेलं काम हवं. माझ्याकडे ते काम म्हणजे हजेरी. दाराजवळच्या टेबलावर प्रत्येकाच्या नावाची पट्टी, नावाशेजारी एक छोटं चित्र: छत्री, मासा, किल्ली, चाक. मुलानं आपली पट्टी शोधायची आणि भिंतीवरच्या 'आले' या दोरीला चिमट्यानं लावायची. सुरुवातीला सगळी चित्रावरून ओळखतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी चित्र दुमडून मागे टाकते. तोवर बहुतेकांना आपलं नाव अक्षरांवरून ओळखू येतं, शेजाऱ्याचंही येतं, आणि 'तुझ्या नावात माझं म आहे' असं भांडणाच्या सुरात सांगायला लागतात. तो चिमटा दाबण्यात बोटांचा जो व्यायाम होतो तो वेगळाच.

साडेनऊच्या सुमाराला टेबलावर ज्या पट्ट्या उरतात, ती आज न आलेली मुलं. 'जयहिंद बाई' म्हणवून घेत नावं वाचायची गरजच नाही. उरलेल्या पट्ट्या गोलात आणायच्या आणि विचारायचं, कोण नाही आलं? किती? कधी कधी मी मुद्दाम चार मुलांच्या पट्ट्या लांब लांब मांडते आणि खाली पाच मुलींच्या चिकटून. कुठे जास्त? निम्मा वर्ग लांब ओळीकडे बोट दाखवतो. ही त्यांची चूक सुधारायला धावू नका. ओळ लांब म्हणजे वस्तू जास्त असं या वयाला वाटतंच, पियाजे या मानसशास्त्रज्ञानं ते शोधून काढून किती दशकं झाली. एका पट्टीखाली एक अशी जोडी लावून बघायला सांगा. पाचवी पट्टी एकटी उरते. काहींना त्या दिवशी पटतं, काहींना पुढच्या वर्षी.

पट्टी लावली की थेट कोपऱ्यात. कोपरे पाच पुरेत: ठोकळे, घर-घर, वाळू किंवा पाणी, पुस्तकं आणि एक हस्तकामाचं टेबल. यातल्या फक्त शेवटच्याला मोठं माणूस लागतं. तिथे तुम्ही बसा, चार-पाच मुलं घेऊन. डिंक तिथेच, कात्री तिथेच. मावशी बाकीच्यांवर नजर ठेवतील. तुमच्या 'उरकलेल्या सात जणांचं' उत्तर यातच आहे: बावीस मुलांनी एकाच वेळी एकच गोष्ट करायचीच नाही. ज्याचं झालं तो उठून ठोकळ्यांकडे जातो आणि त्याची खुर्ची दुसऱ्याला मिळते. चिकटकाम सगळ्यांचं सोमवारीच व्हायला हवं असंही नाही, गुरुवारपर्यंत आठवडा पडलाय.

हे पन्नास मिनिटं चालू द्या. अर्ध्या तासात 'पुरे' म्हणालात तर घर-घरमध्ये नुकतं ठरलेलं असतं कोण डॉक्टर आणि कोण पेशंट.

मग आवराआवर. याला मी पूर्ण दहा मिनिटं देते आणि ही मला दिवसातली सर्वात महत्त्वाची दहा मिनिटं वाटतात. बऱ्याच वर्गांत बाई 'चला पटापट' म्हणत स्वतःच सगळं उचलून टाकतात. फळीवर प्रत्येक ठोकळ्याच्या आकाराचा कागद कापून चिकटवा, ठोकळा आपल्या सावलीवर जाऊन बसतो. लांब लांबांत, चौकोनी चौकोन्यांत. वर्गीकरण, आकार, मापन, वर्कशीटच्या पानावर जे जे असतं ते सगळं इथे हातानं होतं. फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञानं १८३७ साली जर्मनीत बाड ब्लँकेनबुर्गला आपली शाळा काढली आणि १८४० साली तिला किंडरगार्टन हे नाव दिलं. त्याच्या साहित्यात एक लाकडी घन होता, आठ छोट्या घनांचा, डबीत बसणारा. त्याचा आग्रह असा की डबीतून घन अखंड बाहेर यायचा आणि खेळ संपला की पुन्हा अखंड होऊन आत जायचा. म्हणजे आवरणं हा खेळाचाच शेवटचा टप्पा. आपल्याकडे ते मावशींच्या माथी मारलं जातं.

ठोकळे विकत घेणार असाल तर रंगीत प्लास्टिकच्या नादी लागू नका. साधे लाकडी, मापात कापलेले बघा: रुंदी जाडीच्या दुप्पट, लांबी रुंदीच्या दुप्पट. हे माप कॅरोलिन प्रॅट या अमेरिकन शिक्षिकेचं, आता जगभर तसेच बनतात. पूल एका बाजूनं बुटका पडला की मूल दोन अर्धे ठोकळे आणून एका पूर्णाची जागा भरतं. अपूर्णांक हा शब्द त्याला पाचवीत भेटेल. तुम्ही पाचवी शिकवली आहे, तुम्हाला माहीतच आहे तिथे काय होतं.

आवरलं की आता गोल. पंधरा मिनिटं. उभं राहून एक कृतिगीत, उरलेल्या पट्ट्यांचा हिशेब, एखादा ध्वनीचा खेळ: शब्दाला टाळ्या वाजवा, फु-ल-पा-ख-रू, किती झाल्या? की उठा. वार-तारखेचं पाठांतर काढून टाका. साडेचार वर्षांच्या मुलाला झालेलं सगळं 'काल' आणि व्हायचं सगळं 'उद्या' असतं. चोवीस तारीख रोज म्हणवून त्यात फरक पडत नाही. त्याऐवजी दिवसाचा क्रम दाखवणारी सहा चित्रं ओळीत लावा आणि जे झालं ते उलटं करत जा. आधी-नंतर त्यातून कळतं. आणि 'आई कधी येणार' हा प्रश्न विचारणारं मूल स्वतः जाऊन बघतं की अजून दोन चित्रं उरलीत.

मग बाहेर, अर्धा तास, पळणं-चढणं-उड्या. मग हात धुणं, डबा. यावर थोडं थांबते, कारण गणिताचा तास हाच.

एका टेबलावर पाच मुलं बसली. एकाला सांगा, टेबलावर सगळ्यांना पेले आण. एक मूल एक पेला आणतं, ठेवतं, परत जातं, दुसरा आणतं, असं पाच वेळा. दुसरं मूठभर आणतं, दोन कमी पडतात, पुन्हा जाऊन मूठभर आणतं, आता एक जास्त. तिसरं आधी टेबलाजवळ उभं राहून डोकी मोजतं, मग जाऊन बरोबर पाच आणतं. तिघांचं गणित कुठे आहे ते तुम्हाला न विचारता कळलं. आता त्याच मुलांना सात बटणं द्या. मोजेल कोणीही: एक, दोन, तीन, सातपर्यंत. 'मग किती आहेत?' विचारा. काही जण पुन्हा एकपासून मोजायला लागतील. म्हणजे आकड्यांचं गाणं पाठ आहे, पण शेवटचा आकडा म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या हे अजून बसलेलं नाही. गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ सालीच हे टप्पे वेगळे करून मांडले. अशा मुलाकडून पन्नासपर्यंत अंक लिहून घेणं म्हणजे नुसता हात दुखवणं.

पेले, चमचे, नॅपकिन वाटायचं काम रोज वेगळ्या मुलाचं. यादी भिंतीवर. मावशींना सांगा, आपण वाटायचं नाही. त्यांना हे सुरुवातीला पटत नाही, कारण त्या दोन मिनिटांत करतात ते मुलं बारा मिनिटांत करतात. ती बारा मिनिटं मी वेळापत्रकात धरते.

डब्यानंतर पुन्हा कोपरे, अर्धा तास. यावेळी तुम्ही पाच-पाच जणांना दहा मिनिटं बोलवा: अक्षर, अंक, जे काही शिकवायचं ते इथे. रोज दोन-तीन गट, दोन दिवसांत वर्ग पूर्ण. पाच मुलांत तुम्हाला दिसतं कोण 'ग' आणि 'म' गोंधळतंय. बावीसांच्या गोलात दिसत नाही, तिथे सगळे एकसुरात ओरडतात आणि ज्याला येत नाही तोही ओरडतो.

गोष्ट सर्वात शेवटी, घरी जायच्या आधी, जेव्हा अंग दमलेलं असतं आणि बसावंसं वाटतं. गोष्टही आठवडाभर एकच. पहिल्या दिवशी सरळ वाचा, प्रश्न विचारून मोडू नका. दुसऱ्या दिवसापासून पान उलटायच्या आधी थांबा. गुरुवार-शुक्रवारी पुस्तक एका मुलाच्या हातात द्या आणि स्वतः खाली बसा. ते पान बघून 'वाचतं', आणि तुम्ही एक वाक्य गाळलं होतंत तेही सांगतं.

लांबलं. पण तुम्ही नेमकं मागितलं होतं.

जागरणवाला_बाबा

सतरंजी ताई, छान लिहिलंय, पण माझा प्रश्न तसाच आहे. ठोकळ्यांचा पूल दप्तरात घालून आणता येत नाही.

सतरंजी

बाबा, तुमची तक्रार रास्त आहे, आणि ती मिटवणं शाळेचं काम. मी दाराबाहेरच्या फळ्यावर रोज एकच ओळ लिहिते: 'आज विचारा: पाण्यात काय बुडलं?' मूल घरी नेताना पालक ती वाचतात. 'आज काय केलंत' याला चार वर्षांच्या मुलाकडे उत्तर नसतं, तीन तासांचा सारांश मोठ्यांनाही धड करता येत नाही. 'पाण्यात काय बुडलं' विचारलं की थांबवता थांबत नाहीत. पालकसभेत मी पालकांनाच कोपऱ्यांत बसवते, बटणं मोजायला देते आणि मग वरचं पेल्यांचं सांगते. वर्कशीट कुठे असं त्यानंतर कोणी फारसं विचारत नाही. विचारतात एखाद-दोघे. त्यांच्यासाठी मुलांची चित्रं तारीख घालून फाइलला लावून ठेवते, जूनचा माणूस आणि मार्चचा माणूस शेजारी शेजारी. जूनच्या माणसाचे हात डोक्यातून फुटलेले असतात.

शाई_सांडली

मी पहिलीला शिकवते, त्यामुळे दुसरी बाजू मांडते. हे सगळं वाचायला फार गोड आहे. पण ही मुलं जूनमध्ये आमच्याकडे येतात तेव्हा पेन्सिल मुठीत धरतात, रेघेत लिहिता येत नाही, अर्धं पान झालं की 'हात दुखतो'. लिहायचा सराव शिशुवर्गात नाही करायचा तर कधी? ठोकळ्यांनी अक्षर येत नाही. रोज एक पान गिरवलं तर बिघडतं कुठे?

सतरंजी

शाई, 'हात दुखतो' हे खरंच आहे, बहाणा नाही. पण ज्याचा हात दुखतो त्याला अजून एक पान दिलं तर हात बळकट होत नाही, मूल पेन्सिलला भ्यायला लागतं.

मुलं आकार काढायला शिकतात त्याला एक क्रम आहे. तीनच्या सुमाराला गोल, चारला अधिकची खूण, साडेचार-पाचला चौकोन, त्यानंतर त्रिकोण. मागचं-पुढचं होतं, पण क्रम साधारण हाच. तिरकी रेघ सर्वात उशिरा हाताखाली येते. आता ज्या मुलाला त्रिकोण काढता येत नाही, त्याला 'र'चा पाय आणि 'स'चा पाय कुठून येणार? तो गिरवतो तेव्हा रेघ पाडत नसतो, ठिपके जोडत असतो, कधी कधी खालून वर. तुमच्याकडे मग ते उलटं वळण पक्कं होऊन येतं आणि मोडायला वर्ष जातं. म्हणून मी आधी ग, म, न घेते, उभ्या रेघेची. र-स नंतर. तेही पेन्सिलनं नाही: ताटलीत पातळ थर वाळू पसरून बोटानं. खरखरीत कागदाची अक्षरं कापून लाकडी पाटीवर चिकटवली तर दोन बोटं त्यावरून फिरवायची, हे माँटेसरीबाईंचं. रोमच्या सॅन लोरेन्झो वस्तीत त्यांनी १९०७ साली पहिलं बालगृह काढलं, तिथल्या मुलांनी आधी बोटांनी अक्षर ओळखलं, लिहिणं मागून आलं.

पेन्सिल मुठीत धरणाऱ्यांसाठी एक सोपी गोष्ट सांगते, उद्या करून बघा. मेणखडूचे तुकडे करा, बोटाच्या पेराएवढे. तुकडा इतका लहान असला की मुठीत धरताच येत नाही, तीन बोटं आपोआप जुळतात. लांब नवीकोरी पेन्सिल दिसायला छान, शिकायला वाईट. आणि अधूनमधून कागद टेबलावर नको, भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लावा. उभ्या कागदावर चित्र काढताना मनगट मागे वळतं, खांदा काम करतो, पानभर लिहायला जे बळ लागतं ते इथून येतं.

कात्रीचंही तसंच. मुलांना कात्री आणि मोठा पातळ कागद दिला जातो, तो वाकतो, घडी पडते, कात्री चावते, मूल कंटाळतं. जाडसर कागदाच्या दोन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या द्या. एकदा कात्री मिटली की तुकडा पडला. टप्. मूल त्या आवाजावर खूश असतं, डबी भरेपर्यंत उठत नाही. अंगठा वर, कोपर अंगाला. आठवडाभर नुसते तुकडे, मग रेघेवरून, मग वळणावरून. डावखुऱ्या मुलाला डावी कात्री द्या, नाहीतर ते स्वतःला बावळट समजायला लागतं आणि दोष असतो पात्याचा.

हे सगळं जून ते मार्च केलेलं मूल तुमच्याकडे आलं आणि तरी पेन्सिल मुठीत धरत असेल तर मला जरूर सांगा. गिरवून आलेल्यांबद्दल मी काही बोलत नाही.

शाई_सांडली

खडूच्या तुकड्यांचं करून बघते. बाकी वाद राखून ठेवते. :)

घुबड

माझ्या वर्गातला एक मुलगा गोलात बसतच नाही. गोष्ट चालू असताना टेबलाखाली. ओढून आणलं की रडारड, सोडलं की बाकीचेही निघतात. काय करावं?

सतरंजी

घुबड, त्याला टेबलाखाली राहू द्या, पण ती त्याची जागा आहे असं सगळ्यांसमोर सांगा: 'तो तिथून ऐकतो.' मग बाकीचे निघत नाहीत, निदान सगळे नाहीत. दोन दिवसांनी त्याला गोष्टीतलं काहीतरी सहज विचारा. उत्तर बरोबर आलं तर तो ऐकतोय, विषय संपला. हळूहळू गोलात त्याला एक काम द्या, पान उलटण्याचं किंवा घंटा वाजवण्याचं. हात रिकामे नसले की अशी मुलं टिकतात.

मात्र तो नावानं हाक मारली तरी वळत नसेल, किंवा मागून बोललेलं त्याला कळत नसेल, तर आई-वडिलांशी लवकर बोला आणि कान तपासून घ्यायला सांगा. सर्दीनं कानात पाणी साठलेली मुलं अशीच 'ऐकत नाहीत'. हे आपण ठरवायचं नसतं, डॉक्टरांनी ठरवायचं.

उंबरठा

कोपरे, फळ्या, टब, मैदान! ताई, माझ्याकडे एकच खोली, पस्तीस मुलं, तीन ते सहा सगळी एकत्र, फर्निचर म्हणजे एक लोखंडी कपाट आणि त्याची किल्ली ऑफिसात. असल्या पोस्टी वाचून नुसतं वाईट वाटतं.

सतरंजी

उंबरठा, माझं नाव सतरंजी उगाच नाही. माझी पहिली खोली अशीच होती. चार सतरंज्या म्हणजे चार कोपरे. प्रत्येकीवर एक टोपली, टोपलीत त्या कोपऱ्याचं सामान. आवराआवर म्हणजे टोपली भरणं आणि सतरंजी गुंडाळणं, गुंडाळायला चार मुलं लागतात आणि त्यांना आपसात बोलावं लागतं. सुतारकामातले उरलेले लाकडाचे तुकडे पॉलिशपेपरनं घासले की ठोकळे. वाळूच्या टबाऐवजी ताटल्या. बाहेर जागा नसेल तर खोलीत सतरंज्या गुंडाळून उड्या आणि 'थांबा-पळा'चा खेळ.

सामान किल्लीत ठेवू नका एवढं मात्र भांडून घ्या. मुलाच्या हाताला येईल त्या उंचीवर नसेल तर ते सामान नसल्यासारखंच. आणि तीन वर्षांची मुलं असताना मणी-बटणं खाली नको. सव्वा इंच रुंदीच्या नळीत जी वस्तू पूर्ण मावते ती लहानग्याच्या घशात अडकू शकते. मोजायला बाटल्यांची मोठी झाकणं घ्या, तीही आधी त्या मापानं तपासून.

वयं मिसळलेली आहेत याचा फायदा करून घ्या. सहा वर्षांचं मूल तीन वर्षांच्या मुलाच्या चपलेचा पट्टा लावून देतं तेव्हा तुमचे दोन हात मोकळे होतात.

मोरपीस

सगळ्यांचे आभार. सतरंजी ताई, तुमचं प्रिंट काढून वहीत लावलंय. नावाच्या पट्ट्या काल रात्री केल्या, चित्रं मावशींनी काढून दिली. किल्लीचं चित्र चमच्यासारखं दिसतंय, पण असो. सोमवारी नऊचा गोल रद्द.

फक्त एक धास्ती आहे. कोपरे उघडले की वीस जण ठोकळ्यांवर तुटून पडणार आणि पुस्तकांच्या कोपऱ्यात मी आणि मावशी. तेव्हा काय?

सतरंजी

पडणारच. पहिला आठवडा तसाच जातो, धीर धरा.

प्रत्येक कोपऱ्यापाशी भिंतीवर पट्टी लावा आणि तिला कपड्यांचे चिमटे, त्या कोपऱ्याच्या रंगाचे. ठोकळ्यांना पाच, वाळूला चार. आत जायचं तर चिमटा काढून आपल्या कपड्याला लावायचा, निघताना परत पट्टीवर. चिमटे संपले म्हणजे जागा संपली. 'बाई नाही म्हणतात' हा मुद्दाच उरत नाही. घड्याळ लावून पाच-पाच मिनिटांनी उठवू नका, त्यात कोणाचाच पूल पुरा होत नाही.

आणि ठोकळ्यांच्या पट्टीखाली एक पाटी आणि खडूचा तुकडा टांगून ठेवा. ज्याला थांबायचं आहे त्यानं पाटीवर आपलं नाव लिहायचं. सुरुवातीला कोणी छत्री काढेल, कोणी किल्ली (की चमचा), कोणी नुसतं पहिलं अक्षर. चालतं. चिमटा मोकळा झाला की पाटीवरचं वरचं नाव. नाव नीट लिहिलं नाही तर दुसऱ्याला वाचता येत नाही आणि नंबर हुकतो, त्यामुळे काही आठवड्यांत ती आपणहून दाराजवळच्या पट्टीवर बघून नाव उतरवायला लागतात. भांडणं होतात, 'माझं आधी होतं' वगैरे. तेव्हा मी त्यांना पाटी वाचायला पाठवते आणि माझ्या टेबलावर डिंक वाटत बसते.